धाकटीच्या शाळेचा खिळा

सोमवार, ३ मार्च

नवी वही. हे म्हणाले, "लिहायचीच तर पहिल्या पानावर आपण कोण ते लिही. उद्या कुणाच्या हाती लागली तर त्याला काही कळायला नको?" कोणाच्या हाती लागणार आहे डोंबलाची! पण लिहिते.

देशाचे कायदे जिथे छापतात त्या छापखान्यात मी मुद्रितशोधक आहे. छापण्याआधी कागदातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. मी मोठ्याने वाचते, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि समोर बसलेली मौनी मूळ प्रतीवर बोट ठेवून ताडून बघते. दिवसभरात ती दोनच शब्द बोलते, "आहे" आणि "नाही", म्हणून मौनी. एकतीस वर्षं झाली. माझ्या सहीच्या पानावर आजवर एकही चूक छापली गेलेली नाही. हे म्हणतात, मी भांडतानासुद्धा स्वल्पविराम देते. देते तर देते. आपण स्वतः निवृत्त सुतार, आणि घरातली धड खुर्ची महिन्यातून एकदा दुरुस्त करतात ते!

आज राष्ट्रीय शाळा विधेयक येऊन टेबलावर आदळलं. एकशे बारा पानं. पाळी खरं तर खिडकीजवळच्या जोडीची होती, पण साहेबाने यादी न बघताच गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"पाळी त्यांची आहे, साहेब."

"हो का? चुकलंच माझं. आता ठेवलाय तर राहू दे."

ताडमाड वाढलाय, पण डोकं कधी ठिकाणावर नाही. गेल्या महिन्यात उत्तरेकडच्या जिल्ह्यांची फाईल दक्षिणेच्या कप्प्यात लावून ठेवली होती याने. भूगोलाशी छत्तीसचा आकडा. (तोंडावर मी अहो-जाहो करते. वही माझी आहे, इथे अरे-तुरेच चालणार.)

धाकटीला फोन केला. माझी ही बहीण सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार. विधेयक माझ्याकडे आलं म्हटल्यावर ती किंचाळलीच. "ताई, नीट वाच हं! आमची बावीस वर्षं आहेत त्यात!" मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

गुरुवार, ६ मार्च

घसा बसला. तीन दिवसांत एकशे बारा पानं संपवली. अठ्ठावीस चुका काढल्या, त्यातल्या एकोणीस स्वल्पविरामाच्या. पानोपानी सही केली, खाली मौनीने केली. विधेयक आहे मात्र झकास. प्रत्येक सरकारी शाळेला दर वर्षी हक्काचा निधी, तीस मुलांमागे एक शिक्षक, पक्कं छप्पर, पाणी, संडास. सगळं कायद्याने, कुणाच्या मेहेरबानीने नाही.

जाताना साहेब टेबलापाशी थांबला. "बाई, कलम दोन वाचलंत?"

"वाचलं. एक स्वल्पविराम जास्त होता, काढला."

"आणि अर्थ?"

"अर्थ बघणं आपलं काम नाही, साहेब. आपण अर्थ बघत बसलो तर कायदे छापायचे कुणी?"

तो टेबलावरचा गठ्ठा उगाच सरळ करत राहिला. मग "बरोबर आहे" म्हणाला आणि गेला. माणसाला सांगायला काही नसलं की असं होतं.

शनिवार, ८ मार्च

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

काल विधेयक सभागृहात मांडलं, म्हणजे आता ते गुपित नाही. म्हणून आज सुट्टीचा दिवस साधून धाकटीच्या शाळेत गेले. म्हटलं, कलमं तोंडपाठ आहेत, प्रत्यक्ष ऐकवू.

तिची शाळा दुपारची. इमारत एक, शाळा दोन. सकाळी मोठी शाळा भरते, सव्वाबाराला सुटते. साडेबाराला हिची. सकाळी घरकाम करणारी, भावंडं सांभाळणारी मुलं हिच्याकडे येतात. इमारत सकाळच्या शाळेच्या नावावर, त्यामुळे भिंती त्यांच्या. हिला साधा खिळा ठोकायची परवानगी नाही. बावीस वर्षं ही बाई पत्र्याच्या एका ट्रंकेतून शाळा काढते आणि साडेपाचला ट्रंकेत भरून ठेवते. हजेरीपट, खडू, मुलांची चित्रं, सगळं. पावणेसहाला कुलूप.

मी पोचले तेव्हा भूगोलाचा तास चालू होता. खिळा नाही, म्हणून नकाशा धरायला दोन मुलं लागतात. उंच दोघं पाठीमागे उभे राहून वरची टोकं हात ताणून धरतात. बाकीचे बघतात.

"त्या दोघांना कसा दिसणार गं?" मी विचारलं.

"नाही दिसत," धाकटी म्हणाली. "वर्षभर नकाशाची पाठ बघतात बिचारे. आळीपाळीने लावायचं म्हटलं तर बुटक्यांचे हात पुरत नाहीत. उंच मुलं माझ्याकडे भूगोलात कायम कच्ची. तुझा कायदा आला ना ताई, की निवृत्त व्हायच्या आधी एक खिळा ठोकणार मी. मग खुशाल घरी बसवा."

ट्रंक भरून झाल्यावर मी ऐटीत उभी राहिले आणि कलम दोन म्हणून दाखवलं. "शाळा म्हणजे, स्वल्पविराम, जिच्यात पहिली ते आठवीचे वर्ग भरतात अशी स्वतंत्र इमारत, अर्धविराम, एका शाळेस एकच मुख्याध्यापक असेल, अर्धविराम, आणि निधी प्रत्येक शाळेस मिळेल, पूर्णविराम."

धाकटी हसायची थांबली. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे ताई," ती ट्रंकेवर बसली, "आमची इमारतच नाही. म्हणजे आम्ही शाळाच नाही."

एका इमारतीत एक शाळा, एक मुख्याध्यापक. दुपारची मुलं सकाळच्या शाळेत घालणार. वर्गात तीसच्या वर गेली की उरलेली जवळच्या दुसऱ्या शाळेत, आणि ती सहा किलोमीटरवर आहे. सकाळी कामाला जाणारी पोरं तिथे जातील? घरीच बसतील.

"तू वाचलं होतंस ना?" एवढंच विचारलं तिने. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वाचलं होतं. सही पण केली होती. एक जास्तीचा स्वल्पविराम काढला होता मी त्या कलमातून. कपाळ माझं!

सोमवार, १० मार्च

रविवार कसा गेला सांगता येत नाही. ह्यांनी एक खुर्ची उगाच उकलली आणि परत जोडली, आणि माझ्यापुढे चहा आणून ठेवला. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे.

आज साहेबाला आडून विचारलं, मजकुरातच काही खटकलं तर मुद्रितशोधकाने काय करायचं? तो कपाट आवरत होता. "मला काय माहीत, बाई? मी अधिकारी. नियमपुस्तिकेत असेल बघा काहीतरी."

दुपारी चहा घेऊन येते तर पुस्तिका माझ्या टेबलावर उघडी पडलेली, पानावर कपाचा ओला गोल डाग. सरकारी पुस्तक, आणि त्यावर कप ठेवायचा! अंगाचा तिळपापड झाला. डाग पुसायला गेले तर डागाच्या बरोबर मध्ये नियम अकरा. मुद्रितशोधकाने कोणत्याही मजकुराबद्दल लेखी शंका घेतल्यास तिचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय ते पान छापू नये.

शंका-चिठ्ठी! आम्ही ती 'तारीख तपासावी', 'आडनाव खात्री करावे' असल्या गोष्टींसाठी लावतो. तिच्यात 'कोणत्याही' असेल असं एकतीस वर्षांत मनात आलं नाही. अधिकाऱ्याला हा हक्क नाही, फक्त आम्हाला आहे.

पण चिठ्ठी लावायची म्हणजे माझ्याच सहीच्या पानावर लावायची. मी चुकले असं मीच लिहून द्यायचं.

मंगळवार, ११ मार्च

लावली. मतदानाची अंतिम प्रत शुक्रवारी छापायची आहे, त्या प्रतीच्या पान तीनवर.

'शंका : एकाच इमारतीत दुपारी भरणाऱ्या शाळा या व्याख्येत येत नाहीत. त्या बंद करावयाच्या आहेत काय? असल्यास तसे लेखी कळवावे. सदर पान मीच दि. ६ रोजी मंजूर केले होते. ती माझी चूक आहे.'

शेवटच्या वाक्याला पेन अडलं होतं. मौनीने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "आहे." मग लिहिलं.

साहेबाने न वाचताच 'पोचली' म्हणून सही ठोकली. इतका निष्काळजी माणूस मी जन्मात पाहिला नाही. म्हटलं, वाचा तरी. तर म्हणे, "वाचली तर मला मत द्यावं लागेल, बाई."

बुधवार, १२ मार्च

काय दिवस होता! क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ व्हायचा.

दहाला मंत्र्यांचे सचिव धाडकन आत आले. हातात माझी चिठ्ठी. "ही कुणाची?"

"माझी."

"बाई, शंका छपाईच्या असतात, धोरणाच्या नाही. सगळा देश या कायद्याकडे डोळे लावून बसलाय, आणि तुम्ही यंत्र अडवून ठेवलंत?"

"नियम अकरा वाचा. हा घ्या. डागाकडे लक्ष देऊ नका."

त्यांनी वाचला. चेहरा उतरला, पण लगेच सावरले. "तुमच्या प्रमुखांनी 'शंका निकाली' असा शिक्का मारला की चिठ्ठी रद्द होते. कुठे आहेत ते?"

साहेब आलेलाच नाही! दाढदुखीची रजा. शिक्का कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबाच्या खिशात आणि फोन बंद. ऐन वेळी दाढ दुखायला हवी होती त्याची. एरवी दिवसभर खारे शेंगदाणे खातो तेव्हा नाही दुखत. पण म्हटलं, आज दुखू दे बापडी.

मग सचिवांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "सहा तारखेला तुम्हीच सही केलीत. तेव्हा नाही आली शंका?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. खिडकीजवळची जोडीसुद्धा. एकतीस वर्षं ज्या खोलीत मी नाकावर माशी बसू दिली नाही, तिथे तोंडात मारल्यासारखी उभी होते.

"नाही आली," मी म्हटलं. "मी स्वल्पविराम बघत होते, मुलं बघितली नाहीत. चूक माझी. ती चिठ्ठीवर लिहिलेली आहे, वाचा."

तेवढ्यात मौनी उठली. मौनी! म्हणाली, "खाली माझी पण सही आहे. मी पण बघितली नाहीत. माझा भाचा दुपारच्या शाळेत शिकलाय, तरी बघितली नाहीत." चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली, माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि परत दिली. मला भरून आलं. रडले नाही, सचिव समोर होते.

सचिव खुर्ची ओढून बसले, आवाज एकदम गोड. "हे बघा बाई, कायदा तर होऊ द्या. दुपारच्या शाळांचं पुढे नियमांत बघू. माझा शब्द."

"द्या की लिहून."

"काय लिहून?"

"हेच. चिठ्ठीत दोनच वाटा आहेत. बंद करणार असाल तर 'होय' लिहा, नसाल तर व्याख्या बदला. 'होय' लिहिलंत तर मी आत्ता पान सोडते. ही जागा, हे पेन."

त्यांनी पेन घेतलं. 'दुपारी भरणाऱ्या शाळा' इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. बोलायला सगळे तयार असतात. हजारो मुलांची शाळा बंद, असं लिहून खाली नाव घालायला कुणाचा हात धजत नाही. पेनाला टोपण लावून ते उठले. "वर विचारतो," म्हणाले.

विचारा.

गुरुवार, १३ मार्च

विधेयकाचा मसुदा केलेल्या समितीच्या अध्यक्षबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. सत्तरीच्या असतील, हातात काठी. आल्या आल्या समोरच्या टेबलाशी बसल्या. साहेबाचं होतं ते, अजून दाढ दुखतेच आहे त्याची.

"कोण त्या शंकेखोर बाई? तुम्ही? वाचा ते कलम."

मी वाचलं. त्यांनी काठी आपटली. "पुन्हा. विरामचिन्हं सोडून."

तसं वाचायची सवयच नाही मला. अडखळत वाचलं. उघडंबोडकं ऐकायला फार वाईट वाटलं ते.

"आम्ही अकरा जण तीन महिने यावर बसलो होतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सगळे इमारतींचे आकडे बघत होतो. किती आहेत अशा शाळा? कुणाला माहीत आहे?"

सोबत आलेले सचिव कागद चाळायला लागले. तोवर बाईंनी कोपर टेकवायला टेबलावरचा गठ्ठा सरकवला, आणि त्याखालून हाताने लिहिलेली यादी निघाली. देशभरातल्या दुपारच्या शाळा, जिल्ह्यांप्रमाणे. दोन हजार तीनशे चौदा! कुणी करून टाकली होती कोण जाणे. जिल्हे मात्र सगळे उलटसुलट, उत्तरेचे दक्षिणेत घुसडलेले. पण बेरीज बरोबर होती, मी आणि मौनीने तिथल्या तिथे तपासली.

अध्यक्षबाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडून पेन मागितलं आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं : शाळा म्हणजे एका मुख्याध्यापकाच्या हाताखाली ठरलेल्या वेळी भरणारे वर्ग, मग इमारत कोणाचीही असो. ज्या शाळेला स्वतःच्या खोल्या नाहीत, तिला त्या दोन वर्षांत बांधून मिळतील.

खाली सही. "समितीची बैठक चारला बोलावते, तिथे मंजूर करून घेते. एक स्वल्पविराम राहिला असेल तर घाला."

नव्हता राहिला. जीव भांड्यात पडला.

शुक्रवार, १४ मार्च

समितीने एकमताने मंजूर केलं. पान तीन छापलं, शाई ओली असताना बघितलं. साहेब आला. दाढ बरी आहे म्हणे. शेंगदाणे खात होता. "काही विशेष घडलं का, बाई?" असं विचारलं त्याने मला! मी हात टेकले.

मंगळवार, १८ मार्च

जिंकलो!

मतदान ऐकायला सगळा छापखाना रेडिओभोवती गोळा झाला होता. यंत्रं बंद. सभापतींनी कलम दोन वाचलं तेव्हा मी ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणत होते, आणि खोली एवढी शांत की सगळ्यांना ऐकू गेलं. बाजूने दोनशे एकसष्ट, विरोधात अडतीस. मग जो काही आरडाओरडा झाला! खिडकीजवळच्या जोडीने टाळ्या वाजवून टेबल बडवलं. मौनी "आहे! आहे! आहे!" असं ओरडत होती. मी तिला मिठी मारली, ती पण सगळ्यांसमोर.

साहेब तेवढा दाराशी पाठ करून उभा होता. डोळ्यांत शाई गेली म्हणाला. अधिकारी माणूस, शाईजवळ जातो कशाला?

धाकटीचा फोन. पलीकडे शंभरेक मुलांचा गोंगाट, तिचं काही ऐकूच येईना. शेवटी ओरडली, "ताई, आम्ही शाळा आहोत!"

"होतातच," मी म्हटलं. "आता फक्त छापलंय."

माझ्या कामाच्या नोंदवहीत एक चूक लागली, एकतीस वर्षांतली पहिली. लाल शाईने. घरी येऊन ह्यांना दाखवली. हे म्हणाले, "छान दिसतेय." रात्रीचं जेवण त्यांनी केलं, आणि बरं झालं होतं.

सोमवार, १५ जून

वही दुसरी, वर्ष दुसरं. पहिल्या वहीत पुढे विटा, दरवाजे आणि ठेकेदाराशी भांडणं याशिवाय काही नव्हतं, ते जाऊ दे.

आज दुपारच्या शाळेच्या स्वतःच्या आठ खोल्या उघडल्या, जुन्या इमारतीच्याच आवारात, मागच्या बाजूला. या महिनाअखेर धाकटी निवृत्त होतेय. पंधरा दिवस का होईना, मिळाले तिला.

छापखान्यातून मौनी आली होती आणि साहेबही. त्याला बोलावलं धाकटीने, मी नाही. आवाराच्या मागच्या जुन्या फाटकाची कडी आधी वर उचलून मग डावीकडे ढकलावी लागते, मला अजून जमत नाही. मी खटपट करत होते तर साहेबाने मागून हात घालून एका झटक्यात उघडली. आगाऊ.

भाषणं नव्हती. ह्यांनी खिशातून खिळा काढला. बावीस वर्षांपूर्वी धाकटीच्या शाळेसाठी म्हणून निवडून ठेवलेला, तीन इंची, अजून गंज नाही. मला पत्ताच नव्हता. हातोडी धाकटीकडे दिली. पहिला घाव भिंतीवर बसला, दुसरा बोटावर, तिसरा बरोबर. मुलांनी प्रत्येक घाव मोठ्याने मोजला. चौदा.

मग नकाशा टांगला आणि सगळे मागे सरले. नकाशा आपला आपण राहिला! नेहमी धरायचे ते दोघे उंच पोरगे सवयीने त्याच्या मागे जायला निघाले, भिंतीला धडकले आणि सगळे पोट धरून हसले. मग ते समोर येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, "बाई, समुद्र एवढा मोठा आहे?" धाकटीने पदर डोळ्यांना लावला, मी पण लावला. विजयाच्या दिवशी रडायचं नाही असा काही नियम नाही.

साडेपाच वाजले, मुलं दप्तरं भरायला लागली, आणि बघते तर साहेब नकाशापुढे उभा. पोरांच्या मागे. एक बोट हळूहळू उत्तरेकडून खाली फिरवत होता, जिल्ह्याजिल्ह्यावर थांबत, ओठांत नावं म्हणत. एवढा मोठा माणूस, नकाशा काय जन्मात पाहिला नव्हता की काय!

मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं तर धाकटीने माझा हात दाबला.

"बघू दे त्याला, ताई," ती म्हणाली. "त्याचे हात फार दुखायचे."

काहीही बोलते ही. पण घंटा तिने दहा मिनिटं उशिरा दिली. कुलपाची घाई आता कुणाला होती?